महोत्सवाला निघालेल्या मित्राला पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचं वेळापत्रक मिळालं. ८ दिवस, ६ पडदे, प्रत्येक पडद्यावर रोज ५ खेळ. म्हणजे २४० खेळ, आणि त्यातले तू जेमतेम पंचवीस बघशील. "यातून निवडू तरी काय?" असं तू विचारलंयस. काल जेवणं झाल्यावर पेन्सिल घेऊन बसलो तो रात्री दीडला उठलो. तुझा हा पहिला चित्रपट महोत्सव, आणि धडधड मलाच होतेय.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. माझ्या पहिल्या महोत्सवाचा दुसरा दिवस. एका लहानशा देशातला चित्रपट लागला होता, त्याची भाषा मी त्याआधी कधी ऐकलीही नव्हती. एक म्हातारा पावसाळ्याआधी आपलं घर शाकारत असतो. गवताच्या पेंढ्या वर चढवतो, बांधतो, खाली उतरतो, मान वर करून बघतो, पुन्हा चढतो. अर्धा तास झाला तरी हेच. शेजारच्या पडद्यावर एका नावाजलेल्या दिग्दर्शकाचा नवा चित्रपट सुरू होणार होता. मी अंधारात लोकांचे गुडघे चुकवत उठलो आणि तिकडे गेलो.

तो नावाजलेला चित्रपट तीन महिन्यांनी सगळीकडे लागला, पुढे घरबसल्याही बघता आला. छपराचा चित्रपट मला आजतागायत पुन्हा मिळालेला नाही. दुसऱ्या दिवशी रांगेत माझ्यापुढे एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी तो पूर्ण पाहिला होता. म्हणाल्या, "शेवटी पाऊस आला ना, तेव्हा अख्खं थिएटर वर छताकडे बघत होतं." एवढंच बोलल्या आणि रांग पुढे सरकली. मला ते वर बघणं मिळालं नाही. त्या म्हाताऱ्यासोबत पाऊण तास पेंढ्या बांधल्या असत्या तरच मिळालं असतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: जे पुढे कुठेही दिसणार आहे ते खुशाल सोड. उद्घाटनाचा चित्रपट, ओळखीच्या नटनट्यांचे चित्रपट, ज्यांच्या जाहिराती आत्ताच फिरताहेत ते, हे सगळे तुझ्याकडे आपल्या पायांनी येतील. तू त्यांच्यासाठी दोन-दोन तास रांगेत उभा राहू नकोस. तुझ्या वेळापत्रकातल्या अशा ११ नावांवर मी सरळ काट मारली आहे. रागावू नकोस.

मग राहिलेल्यांतून निवडायचं कसं? त्यासाठी हे चित्रपट शहरापर्यंत कसे पोचतात ते लक्षात घे. मोठे महोत्सव असे भरतात: फेब्रुवारीत बर्लिन, मे महिन्यात कान, ऑगस्टमध्ये लोकार्नो, ऑगस्टअखेर व्हेनिस, सप्टेंबरात टोरांटो. मोठ्या स्पर्धांना शक्यतो कुठेच न दाखवलेला चित्रपट हवा असतो, म्हणून दिग्दर्शक आधी तिकडे धाव घेतात. तिथून हे चित्रपट वर्षभर गावोगावचे महोत्सव फिरतात. टोरांटोचा महोत्सव १९७६ साली सुरू झाला तेव्हा त्याचं नावच 'महोत्सवांचा महोत्सव' होतं, कारण इतर ठिकाणचं निवडक एकत्र आणून दाखवायचं हाच त्याचा हेतू होता. तुझ्या शहरातल्या महोत्सवाचंही बरंचसं काम हेच आहे. तेव्हा कॅटलॉगमध्ये पारितोषिकांची चिन्हं बघ, पण तिथेच थांबू नकोस. पहिला किंवा दुसरा चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकांचा विभाग बघ. एखाद्या देशावर खास विभाग असेल तर त्यातले किमान तीन बघ. एका चित्रपटावरून त्या देशाबद्दल आपण भलतंच काहीतरी ठरवून बसतो. तीन पाहिले की ते एकमेकांशी भांडायला लागतात, आणि मग खरी गंमत येते.

आता माझ्या सर्वांत आवडीच्या भागाकडे येतो. तुझ्या वेळापत्रकात सिंहावलोकन (म्हणजे एखाद्याच्या आजवरच्या कामातले निवडक चित्रपट) आणि जुन्या चित्रपटांच्या जीर्णोद्धारित प्रती असे दोन विभाग आहेत, आणि तू दोन्हींपुढे "जुने आहेत, नंतर बघू" असं लिहिलंयस. मित्रा, ते खोडून टाक.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'चंच घे, अपू नावाच्या मुलावरच्या तीन चित्रपटांतला पहिला. १९९३ साली लंडनमधल्या एका लॅबोरेटरीला आग लागली आणि अपूच्या तिन्ही चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह तीत होरपळल्या. कडक झालेली, एकमेकांना चिकटलेली ती रिळं कुणीतरी कचऱ्यात न टाकता जपून ठेवली. वीसेक वर्षांनी इटलीतल्या बोलोन्यात माणसं ती फिल्म मऊ करायला बसली. छिद्रांच्या कडा हातांनी दुरुस्त केल्या, एकेक फ्रेम सोडवली, आणि जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे इतर प्रतींमधून भर घातली. २०१५ मध्ये ही त्रयी पुन्हा मोठ्या पडद्यावर आली. मी ती बघायला गेलो तेव्हा पहिली दहा मिनिटं मला गोष्ट दिसतच नव्हती. अपूच्या बहिणीच्या, दुर्गेच्या केसांची एकेक बट वेगळी दिसत होती, आणि हे सगळं जळालं होतं एवढंच डोक्यात घोळत होतं. अशा चित्रपटाआधी बहुतेक कुणीतरी उठून दोन मिनिटं बोलतं. वेळेआधी पोच आणि ते ऐक. जीर्णोद्धार म्हणजे नुसती धूळ पुसणं नव्हे. मूळ चित्रपट किती उजळ होता, किती काळा होता, त्यातले ओरखडे कुठले ठेवायचे नि कुठले काढायचे, हे कुणीतरी जागरणं करून ठरवलेलं असतं.

३५ मिलिमीटरच्या खऱ्या फिल्मवरचा एखादा खेळ असेल तर तो काही केल्या चुकवू नकोस. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात मधूनच एक ठिपका चमकून जाईल, डोळ्याची पापणी लवेल इतकाच वेळ. ती प्रोजेक्शन करणाऱ्याला खूण असते: रीळ संपत आलं, दुसरं यंत्र सुरू कर. काही सेकंदांनी पुन्हा एक ठिपका येतो आणि त्या क्षणी चित्रपट एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातो. हे कळल्यापासून मी तो ठिपका दिसला की श्वास धरून बसतो. मागच्या खोलीत एक माणूस आपल्यासोबत हा चित्रपट जागेपणी बघतोय, हे तेव्हा जाणवतं.

तुझ्या यादीत पाचव्या दिवशी संध्याकाळी एक मूकपट आहे, प्रत्यक्ष वाद्यांच्या साथीने. त्याला मी दोनदा गोल केलाय. इटलीतल्या पोर्देनोनेमध्ये १९८२ साली सुरू झालेला, फक्त मूकपटांचा महोत्सव दर वर्षी भरतो, लोक जगभरातून तिथे जातात, ते उगीच नाही. मूकपट सहसा मुका नसायचा. पडद्याजवळ बहुतेक वेळा कुणीतरी वाजवत असायचं. तुला पडदाही दिसेल आणि वादकही दिसेल अशी बाजूची जागा धर. बाकी सगळ्या चित्रपटांना मध्यभागी, जरा मागच्या बाजूला बस. मोठ्या थिएटरात आवाज साधारण तिथल्या कानांसाठी बसवलेला असतो. पुढच्या माणसाच्या डोक्यामागे तळाची भाषांतरित ओळ लपत नाही ना, तेवढं मात्र बसल्या बसल्या बघून घे.

दिवसाला पाच चित्रपट बघायचे असं तू ठरवलंयस. मीही ठरवायचो. तिसऱ्या दिवशी रात्री माझ्या डोक्यात एका चित्रपटातली आई दुसऱ्या चित्रपटातल्या मुलाला शोधत होती. रोज तीन बघ, फार तर चार. मधली जागा मोकळी सोड. काहीतरी खा, बाहेर उन्हात ये, पाहिलेल्यावर चार ओळी वहीत लिही. गोष्ट लिहू नकोस, ती कॅटलॉगमध्ये असते. एखादं दृश्य, एखादा आवाज, कुठे कंटाळलास, ते लिही. माझ्या वह्यांमध्ये कंटाळ्याच्या नोंदीच पुढे सर्वांत उपयोगी पडल्या. कशाचा कंटाळा आला होता ते वाचून मला माझंच त्या वेळचं वय कळतं.

प्रत्येक वेळेसाठी दुसरी पसंतीही लिहून ठेव, कारण खेळ बदलतात आणि रांगा फसवतात. एखादा खेळ ऐनवेळी रद्द झाला तर दारावरच्या स्वयंसेवक पोरांवर चिडू नकोस. हल्ली चित्रपट पुष्कळदा हार्डडिस्कवर कुलूपबंद येतो. त्याची डिजिटल चावी वेगळी येते, आणि ती ठरलेल्या यंत्रावर, ठरलेल्या मुदतीतच चालते. चावी वेळेत आली नाही किंवा भलत्या पडद्याची आली, तर चित्रपट हातात असूनही दाखवता येत नाही. ही पोरं दिवसभर उभी असतात. त्यांना नावाने हाक मार. रिकाम्या खुर्च्या कुठे आहेत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

आणि रिकाम्या थिएटरला घाबरू नकोस. रॉटरडॅमचा महोत्सव १९७२ च्या जूनमध्ये सुरू झाला तेव्हा पहिल्या संध्याकाळी १७ प्रेक्षक होते. आज तो जगातल्या मोठ्या महोत्सवांपैकी एक आहे. मला त्या सतरा जणांचा फार हेवा वाटतो.

लघुपटांचे एकत्र खेळ जरूर बघ. फक्त दोन लघुपटांच्या मधे डोळे मिटून घे, नाहीतर आधीच्याचा रंग पुढच्याला लागतो.

चित्रपटानंतर दिग्दर्शक किंवा तंत्रज्ञ बोलणार असतील तर उठू नकोस. पुष्कळदा प्रश्नाच्या नावाखाली भाषणं होतात, ती सोसायची. पण एखादा साधा, नेमका प्रश्न सगळं उघडून ठेवतो. अशाच एका सत्रात कुणीतरी विचारलं, "बर्फावरून चालण्याचा आवाज कसा घेतला?" ध्वनीचं काम करणाऱ्या बाईंनी सांगितलं की कॉर्नस्टार्च भरलेली पिशवी हातांनी दाबून तो काढतात. खऱ्या बर्फापेक्षा तो जास्त खरा वाटतो. मग अर्धा तास त्या फक्त पावलांबद्दल बोलत राहिल्या. जड माणसाची पावलं, थकलेल्याची, पळून चाललेल्याची. त्यानंतर मी चित्रपट कानांनीही बघायला लागलो. तेव्हा "तुम्हाला काय सांगायचं होतं?" असं विचारू नकोस. ते त्यांनी दोन तास सांगितलेलं असतं. "हे कसं केलं?" असं विचार.

प्रेक्षकांच्या पसंतीची चिठ्ठी हातात दिली तर मत जरूर दे. ६ ऑगस्ट १९३२ ला व्हेनिसला लिडो बेटावर एका हॉटेलच्या गच्चीत जगातला हा अशा तऱ्हेचा पहिला महोत्सव सुरू झाला. त्या वर्षी परीक्षक मंडळच नव्हतं, प्रेक्षकांनाच कौल विचारला होता. पाचच वर्षांनी, १९३७ मध्ये, त्याच महोत्सवात आपला 'संत तुकाराम' दाखवला गेला. परक्या भाषेतले अभंग तिथल्या लोकांनी तळाच्या ओळी वाचत ऐकले असतील, की ओळी सोडून नुसतेच ऐकले असतील, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो. आपणही आता तिथेच बसणार आहोत, दुसऱ्या कुणाच्या तरी तुकारामासमोर.

म्हणून संथ चित्रपटातून उठू नकोस. "नाही आवडलं तर बाहेर पडावं, वेळ मोलाचा असतो" असं अनुभवी लोक तुला सांगतील. त्यांचं ऐकू नकोस. हिंसा सोसवत नसेल, तब्येत बरी नसेल तर ऊठ. पण "काहीच घडत नाही" एवढ्याच कारणासाठी नको. काहीच घडत नाही असं वाटतं तेव्हा पडद्यावर कुणीतरी पेंढ्या चढवत असतं.

फोन पूर्ण बंद ठेव, नुसता आवाज बंद नव्हे. चित्रपटाआधी त्याला किती तारे मिळालेत ते बघू नकोस, मित्रांना विचारू नकोस, झलकही बघू नकोस. काहीही माहीत नसताना एखाद्या चित्रपटासमोर बसायला मिळणं आता फार दुर्मीळ झालंय, ते हातचं घालवू नकोस.

खुणा केलेलं वेळापत्रक सोबत पाठवतोय. गोल म्हणजे नक्की बघ, रेघ म्हणजे जमलं तर, काट म्हणजे सोड. तिसऱ्या दिवशी दुपारी मी काहीच लिहिलेलं नाही, ती जागा मुद्दाम कोरी आहे. तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला विचार, "तुम्ही काल काय पाहिलंत?" आणि तो सांगेल तिकडे जा.

पहिल्या रात्री मला फोन करू नकोस. कितीही वाटलं तरी एक झोप होऊ दे. सकाळी उठल्यावर जे आठवेल तेवढंच सांग, चहा पिता पिता, घाई न करता. मी वाट बघतोय.

आणि कॅटलॉगच्या मागच्या पानांवर दिग्दर्शकांची सूची असेल, ती जरा नीट चाळ. छपराच्या चित्रपटाचं जपून ठेवलेलं पान मी या पाकिटात घातलंय. त्यावरचं नाव तुला तिथे कुठे दिसलं, तर मात्र रात्री कितीही वाजले असोत, लगेच फोन कर. मी पहिली गाडी पकडून येतो.

तुझाच