‘नॉर्मल’ रिपोर्टपाशी थांबू नका

महोदय,

स्वमग्न मुलांविषयी आपल्या पुरवणीतला लेख वाचला. थेरपीबद्दल त्यात बरेच आहे, मोबाइलबद्दल तर जरा जास्तच. पण मुलाची गुणसूत्रे तपासण्याबद्दल एक ओळही नाही.

माझा नातू सहा वर्षांचा आहे. चौथे सरले तरी तो बोलत नव्हता. एका रुग्णालयात त्याची कॅरिओटाइप चाचणी झाली, रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला आणि सगळ्यांची बोटे माझ्या सुनेकडे वळली. ग्रहणात भाजी चिरली होती का? सातव्या महिन्यात एसटीचा प्रवास कशाला केला? नात्यातल्या एका बाईंनी तर गंडा आणून दिला. (तो मी कपाटावर ठेवला आहे, धूळ खात.)

मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे, त्यामुळे त्या ‘नॉर्मल’वर माझे समाधान होईना. कॅरिओटाइपमध्ये गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डीएनएच्या साधारण पन्नास लाख अक्षरांहून लहान तुकडा गळाला असेल, तर तो तिथे बहुधा दिसतच नाही. नातवाचा गळालेला तुकडा होता सुमारे सहा लाखांचा, सोळाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, १६पी११.२ या जागी. पंचविसेक जनुकांची दोनपैकी एक प्रत गायब! पुढे मायक्रोअ‍ॅरे चाचणीत तो सापडला; तिच्यात इतके लहान गळालेले तुकडेही कळतात. या मायक्रोडिलीशनचा, म्हणजे असा लहान तुकडा गळण्याचा, स्वमग्नतेशी असलेला संबंध २००८ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. स्वमग्न मुलांत शंभरातल्या एखाद्याला ते असते. ते असलेले प्रत्येक मूल स्वमग्न असतेच असे नाही. कुणी नुसते उशिरा बोलते, कुणी शिकण्यात मागे पडते, कुणाला फिट येतात.

आणि हे घडते कसे? त्या जागेच्या दोन्ही अंगांना जवळपास सारखाच मजकूर आहे. बीजपेशी तयार होताना जोडीतली गुणसूत्रे शेजारी येतात, तेव्हा एका अंगाचा मजकूर चुकून दुसऱ्या अंगाशी जुळतो आणि मधला भाग निसटतो. म्हणजे गर्भ राहण्याआधीच सगळे घडून गेलेले असते. एसटीचा इथे संबंध येतो कुठे?

यावर औषध नाही, हे खरे. पण या मुलांचे वजन झपाट्याने वाढू शकते, हे कळल्यामुळे फरसाणाचा डबा आता माझ्या ताब्यात असतो. त्याला कळते सगळे, फक्त जिभेला उच्चार जुळवता येत नाहीत, हे उमगल्यावर वाचातज्ज्ञांनी चित्रांची कार्डे दिली. आई किंवा वडिलांत हाच बदल असता, तर पुढच्या प्रत्येक बाळाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. दोघांनाही तपासले, कुणातच नाही.

अशा मुलांसाठी पहिली चाचणी मायक्रोअ‍ॅरे असावी, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २०१० मध्येच सांगितले. आम्ही खासगी प्रयोगशाळेचे पैसे भरू शकलो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीतून ज्या मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसीकडे (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या सरकारी केंद्राकडे) पाठवते, त्याच्या आईने काय करावे? त्या मुलाचे रक्त तिथूनच सरकारी खर्चाने मायक्रोअ‍ॅरेसाठी जावे, आणि आलेला रिपोर्ट समजावून सांगणारा समुपदेशकही असावा. आज कोणत्या जिल्ह्यात किती मुलांची ही चाचणी होते, एवढे आपल्या वार्ताहरांनी आरोग्य विभागाला विचारून छापावे.

– एक आजी, सातारा