ठाणे महापालिका आयुक्तांना खुले पत्र: दारू सोडणाऱ्याला मीटिंगचा पत्ता सापडू द्या

मा. आयुक्त,
ठाणे महानगरपालिका यांस,

सविनय नमस्कार.

दारू सोडायची असं ठरवलेल्या माणसाला आज संध्याकाळी नेमकं कुठे जाऊन बसायचं, हे आपल्या शहरात कुणी खात्रीने सांगू शकत नाही. माझ्या नवऱ्याला डिस्चार्ज देताना एका रुग्णालयाने कागदावर ‘ए.ए. मीटिंगला जा’ एवढंच लिहून दिलं. ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेले गट. कुठली, किती वाजता, कोणत्या भाषेतली, काही नाही. विचारत विचारत गेलो, तर शाळेच्या फाटकाला कुलूप. ग्रुपने जागा कधीच बदलली होती. त्या कुलपासमोर उभ्या माणसाच्या मनात काय चालतं, ते मी पाहिलं आहे. परतीच्या वाटेवर किती वाइन शॉप लागतात तेही मोजावं लागत नाही. पुढे त्याला त्याची मीटिंग सापडली आणि तो आज सोबर आहे, म्हणून हे पत्र लिहिण्याचं बळ आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालं. सभासद व्हायला फी नाही. दारू सोडण्याची इच्छा पुरते. क्लोज्ड मीटिंगला फक्त दारूचा त्रास असलेले बसतात, ओपन मीटिंगला घरचे आणि डॉक्टरही येऊ शकतात. बायकामुलांसाठी, आईवडिलांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे. एवढी साधी माहितीही मला कुठल्या सरकारी भिंतीवर वाचायला मिळाली नाही.

जवळची मीटिंग तीच योग्य, असं नसतं. किसननगरच्या दाटीत राहणाऱ्याला तिथली मीटिंग नको वाटते, शेजारी बघेल म्हणून. तो ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली-घणसोलीपर्यंत जायला तयार असतो. वागळे इस्टेटमध्ये पाळीवर जाणाऱ्याला संध्याकाळची वेळ दर आठवड्याला जमत नाही. घोडबंदर रोडवाल्याला मीटिंग सुटल्यावर टीएमटीची बस मिळेल का, ही काळजी. सगळं शेअरिंग, म्हणजे आपापले अनुभव सांगणं, इंग्रजीत चाललं असेल तर मराठीत विचार करणारा फिटर तासभर गप्प बसून उठतो आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणतो. बाईची अडचण याहून मोठी. पुरुषांनी भरलेल्या खोलीत दारूबद्दल बोलायला तिला कुणीतरी बाई सोबत हवी. ए.ए.च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमातला परमेश्वराचा उल्लेख कुणाला खटकतो. त्याला मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांचे पाठपुरावा गट किंवा समुपदेशकाने चालवलेला गट जास्त मानवतो. जुने सोबर लोक नव्याला सांगतात, एका मीटिंगवरून ठरवू नकोस, चार-पाच ठिकाणी बसून बघ. पण पत्तेच शिळे असतील तर तो बसणार कुठे?

2020 मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 27 अभ्यासांचा, 10,565 लोकांचा आढावा प्रसिद्ध केला. समुपदेशकाने रुग्णाला पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून दिलं, तर दारूपासून सलग दूर राहणाऱ्यांचं प्रमाण इतर प्रचलित उपचारांपेक्षा जास्त दिसलं. ‘जोडून दिलं’ हे त्यातलं महत्त्वाचं. चिठ्ठी हातात ठेवून ते होत नाही. वॉर्डातूनच ग्रुपच्या माणसाला फोन लावून दिला आणि तो स्टेशनवर घ्यायला आला, तर होतं. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांत एकालाच काही उपचार मिळतो. म्हणजे जो तुमच्या ओपीडीपर्यंत पोहोचला, तो आधीच फार लांबून आलेला असतो.

माझी मुख्य मागणी खोल्यांची आहे. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात. प्रत्येक प्रभाग समितीत एक वर्ग ठरावीक वार-वेळेसाठी वर्षभराच्या लेखी परवानगीने द्या. फुकट नको. ए.ए. बाहेरची देणगी घेत नाही, ग्रुप आपल्या वर्गणीतून भाडं भरतो; ते परवडेल एवढंच ठेवा. निवडणूक किंवा परीक्षेसाठी वर्ग लागला तर आधी कळवा आणि त्याच आवारात दुसरा द्या. जागा टिकली की पत्ता टिकतो.

कळव्याचं रुग्णालय आणि आरोग्य केंद्रांत मग एक फलक लागू शकेल: वार, वेळ, भाषा, ओपन की क्लोज्ड, बायका येतात का, जवळचा बसथांबा. तो दर महिन्याला कुणीतरी फोन करून तपासायला हवा, नाहीतर फलकही शिळा होईल. त्यावर 14446 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक असावा. आणि हेही ठळक लिहा, की रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टर, मग मीटिंग.

कळकळीची एक विनंती. उद्घाटन नको, बॅनर नको, हजेरीपट नको, फोटो तर अजिबात नको. नशामुक्तीचा कार्यक्रम म्हणून तुमच्या खात्याला हे दाखवावंसं वाटेल, पण एक फोटो बाहेर गेला तर त्या खोलीत पुन्हा कुणी येणार नाही. याच कारणाने मीही खाली नाव लिहीत नाही.

सुरुवात वागळे इस्टेटमधल्या एका शाळेपासून करा. परवानगीचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा, एवढं जाहीर केलंत तरी ग्रुपची माणसं दुसऱ्या दिवशी हजर होतील.

आपली,
सावरकरनगरची एक रहिवासी