२२ जूनबद्दल

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धात २२ जून ही तारीख पुन्हा पुन्हा येते, ती मुद्दाम निवडली होती का, असं तू फोनवर विचारलंस. घाईत नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१९४० साली मुद्दाम निवडली ती जागा. फ्रान्समधल्या कॉम्पिएन्यच्या जंगलात १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, जर्मनीने ज्या रेल्वेच्या डब्यात युद्धबंदीवर सही केली होती, तोच डबा संग्रहालयाची भिंत फोडून बाहेर काढला आणि २२ जूनला फ्रान्सला त्यातच सही करायला लावली. हरलेल्याला असं हिणवणं मला आजही हीन वाटतं.

१९४१ ची तारीख मात्र लांबत गेलेली. जर्मनीचा रशियावरचा हल्ला आधी मे महिन्यात ठरला होता. बाल्कनमधली लढाई आणि पावसाळी वसंत यांमुळे तो पुढे गेला आणि २२ जूनच्या पहाटे तीस लाखांहून अधिक सैन्य सीमा ओलांडून आत घुसलं. दोघांमधला व्यापार करार पाळून जर्मनीला धान्य नेणाऱ्या सोव्हिएत मालगाड्या अगदी शेवटच्या रात्रीपर्यंत चालू होत्या! सीमेवरच्या ब्रेस्टच्या किल्ल्यात अडकलेल्या एका सोव्हिएत सैनिकाने भिंतीवर कोरलं होतं, ‘मी मरतोय, पण शरण जात नाही.’ त्याखाली तारीख आहे २० जुलैची, म्हणजे हल्ल्यानंतर जवळजवळ महिनाभराची.

बरोबर तीन वर्षांनी बेलारूसमध्ये सोव्हिएत फौजांनी जर्मनांचा मध्य सेनासमूह मोडून काढणारी मोहीम सुरू केली. सूड म्हणून हाच दिवस साधला, असं सांगितलं जातं. पण रेल्वेने कुमक पोचायला उशीर झाला म्हणून ती मोहीम काही दिवस पुढे ढकलली होती. २२ ला चाचपणीचे हल्ले झाले, मुख्य हल्ला २३ ला.

आणि त्याच २२ जून १९४४ ला, आपल्या मणिपुरात इंफाळचा वेढा उठला. हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? मार्चअखेर जपान्यांनी कोहिमाचा रस्ता तोडला, तेव्हापासून जवळजवळ तीन महिने रसद विमानांनीच येत होती. शेवटी कोहिमाकडून उतरणारी दुसरी ब्रिटिश डिव्हिजन आणि इंफाळहून वर सरकणारी पाचवी भारतीय डिव्हिजन यांची गाठ पडली ती दिमापूरपासूनच्या १०९ व्या मैलाच्या दगडापाशी. ही तारीख कुणी ठरवली नव्हती. पावसात आणि चिखलात एकेक वळण लढत येताना जो दिवस उजाडला, तो २२ जूनचा.

त्या दिवसाच्या मुळाशी आपली माणसं आहेत, मिलिंद. मार्चमध्ये शांगशाकच्या टेकडीवर पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. खाली कातळ, त्यामुळे मोर्चे जेमतेम कमरेइतके खोल. काटेरी तार नाही, पाण्याचे हाल, आणि विमानातून टाकलेली बरीचशी रसद जपान्यांच्या हाती पडत होती. तरीही २६ मार्चच्या रात्रीपर्यंत ते टिकले. तेवढ्या दिवसांत कोहिमा आणि इंफाळला सावरायला अवधी मिळाला. समोर जपान्यांच्या बाजूने त्याच मोहिमेत आझाद हिंद सेनेचेही सैनिक होते, तेही आपलेच. म्हणून या लढाईबद्दल बोलताना आपण अडखळतो. पण म्हणून शांगशाकचं नावच घ्यायचं नाही, हे मला पटत नाही.

डिसेंबरमध्ये तू इंफाळला जाणार आहेस ना? तिथल्या युद्धस्मशानात जाशीलच. एक दिवस जास्त काढ आणि उखरुलच्या वाटेवर शांगशाकलाही जा. टेकडीचे फोटो मला पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास