आबांच्या छातीवर मशीन टेकवणाऱ्या डॉक्टर मॅडमना

नमस्कार मॅडम,

लातूरच्या कॅज्युअल्टीत रोज इतकी माणसं येतात, आमचे आबा तुमच्या लक्षात असतीलच असं नाही. धोतर, बंडी, गळ्यात तुळशीची माळ, आणि आडवं केलं की घुसमटून उठून बसणारे. दिवाळीच्या तोंडावर आणलं होतं.

तुमच्यापर्यंत येईस्तोवर लई ऐकलं होतं. एकाने दमा ठरवून वाफ दिली. दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रेत हृदय मोठं दिसतंय म्हणून लघवीची इंजेक्शनं मारली, तर बीपी आणखीच खाली. विचारलं तर साहेब मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "वय झालंय त्यांचं." सोनोग्राफीचं मशीन त्याच इमारतीत होतं. पण सोनोग्राफीवाले डॉक्टर सोमवारी येणार. ॲडव्हान्स मात्र रविवारीही भरून घेतला.

तुम्ही गळ्याच्या फुगलेल्या शिरा बघितल्या, मशीन ढकलत खाटेपाशी आणलं आणि छातीच्या हाडाच्या टोकाखाली प्रोब टेकवला. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचलंय म्हणालात, पडद्यावरचा तो काळा पट्टा मलाही दाखवला. बाहेरच्या दाबामुळे हृदयाला भरायलाच जागा नाही, त्यात लघवीच्या इंजेक्शनाने अंगातलं पाणी कमी केलं, मग बीपी राहणार कसं? सुईने लालसर पाणी काढायला लागलात आणि आबांचा श्वास खाली बसला.

हे तुमच्या शिकण्याचं झालं. मी पत्र लिहितोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. सगळं झाल्यावर आबांच्या छातीला, पोटाला तो गार चिकट जेल तसाच होता. आधीच्या दवाखान्यात ईसीजीनंतरचा जेल मीच उपरण्याने पुसला होता. इथेही हात पुढे केला. आबा म्हणाले, "असू द्या माय, पोरगं पुसंल." तुम्ही म्हणालात, "मी माखलंय आबा, मीच पुसते." गॉज घेऊन बरगड्यांच्या खाचांतून, माळेच्या मण्यांवरून नीट पुसलंत. मग पट्टीला धक्का न लावता बंडीची बटणं लावलीत. एक बटण तुटकं होतं, ते सोडून. बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी.

खेड्यातला म्हातारा दवाखान्यात गेला की त्याच्या अंगाला हात लावतात, बोलतात मात्र मुलाशी. तुम्ही आबांशी बोललात.

आम्ही बीड जिल्ह्यातले. सोनोग्राफी म्हटलं की आमच्याकडे आधी लिंगनिदानाचा विषय निघतो, आणि का निघू नये? २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. म्हणून १९९४ चा कायदा, म्हणून मशीनची नोंदणी, आणि ती असायलाच हवी. पण रजिस्टरमध्ये नोंद असलेलं मशीन दवाखान्यात उभं आणि गुदमरणाऱ्या माणसाकडे बघायला कुणी नाही, याला कायदा कारण नाही.

पाण्याच्या तपासणीत टीबी निघाला. गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात. लघवी केशरी होईल हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत ते बरं केलंत, नाहीतर पहिल्याच दिवशी आबांनी गोळ्या उकिरड्यावर फेकल्या असत्या. आता बांधापर्यंत चालत जातात, गड्यांवर ओरडतात.

ज्वारी हुरड्यात येतेय. सुट्टी मिळाली तर या. आईने लसणाची चटणी आत्ताच कुटून ठेवलीय.

तुमच्या पेशंटचा मुलगा