घरी शिरेतून औषध द्यायचे, तर रुग्ण कोणाचा हे आधी ठरवा

माननीय आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

मी वॉर्डात काम करणारी परिचारिका. हाडाच्या जंतुसंसर्गाला बहुधा ६ आठवडे शिरेतून प्रतिजैविके दिली जातात. पहिले काही दिवस गेले की ताप उतरतो, रुग्ण हिंडूफिरू लागतो. पुढे सेफ्ट्रायॅक्सोनसारख्या औषधाच्या दिवसातल्या एका डोससाठी तो खाटेवर अडकून पडतो, आणि तेवढ्या काळात रुग्णालयातले दुसरे जंतू लागण्याची धास्ती असतेच. अशा रुग्णाला घरी जाऊन तिथेच शिरेतून औषध घेता यायला हवे. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसात घट्ट कफ साचवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना हे उपचार घरी दिल्याचा अहवाल १९७४ सालीच प्रसिद्ध झाला होता.

औषध सोडणारा पंप आणि शिरेत ठेवायची नळी (कॅथेटर, आमच्या भाषेत ‘लाइन’) विकत घेता येतात. खरी अडचण डिस्चार्जनंतर सुरू होते. रुग्णालयाच्या लेखी रुग्ण घरी गेला. घराजवळच्या डॉक्टरांनी ते औषध सुरू केलेले नसते, त्यामुळे ते बदलायला कचरतात. मग रात्री लाइन फ्लश केल्यावर, म्हणजे द्रव सोडून धुतल्यावर, रुग्णाला हुडहुडी भरून ताप आला तर? लाइनमधून जंतू रक्तात गेल्याचे ते लक्षण असू शकते. दंड सुजला तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. तेव्हा सकाळपर्यंत थांबून चालत नाही, आणि फोन कोणाला करायचा हे घरच्यांना ठाऊक नसते.

म्हणून कळकळीची विनंती आहे: प्रत्येक रुग्णामागे एका डॉक्टरचे नाव लेखी असू द्या, आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन. नव्या औषधाचा पहिला डोस देखरेखीखालीच द्यावा. दर आठवड्याला रक्त तपासले जावे आणि तो अहवाल ठरलेल्या माणसाने त्याच दिवशी पाहावा. व्हॅन्कोमायसिन हे मूत्रपिंडाला अपाय करू शकणारे प्रतिजैविक चालू असताना मूत्रपिंड बिघडते आहे हे उशिरा कळणे मला कोणाच्याही वाट्याला यायला नको आहे. कोणते औषध विरघळवल्यावर किती तास टिकते हे सांगायला फार्मासिस्टही चमूत हवाच.

घरी पाठवण्याआधी आणखी एक विचारावे: शिरेतून औषधाची गरज अजून आहे का? हाडे व सांध्यांच्या संसर्गावरील २०१९च्या एका मोठ्या चाचणीत, पहिल्या ६ आठवड्यांत तोंडावाटे दिलेली प्रतिजैविके शिरेतल्यांपेक्षा कमी पडली नाहीत. गोळीवर भागत असेल तर लाइन काढावी.

आणि घरच्यांना गृहीत धरू नका. शिकायची तयारी असेल त्यांना नीट शिकवावे. ज्यांना झेपणार नाही त्यांच्याकडे परिचारिका जावी, वापरलेल्या सुयाही तिनेच परत न्याव्यात. त्यासाठी परिचारिकांची पदे घरच्या उपचारांची ही सेवा सुरू करणाऱ्या पहिल्याच आदेशात मंजूर करा.

आपली,
एक परिचारिका