'हाताच्या गोधडीकामासाठी' म्हणून विकलेल्या दोऱ्याला सतत गाठी पडत असल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ४० नंबरच्या सुती दोऱ्याचा सदोष पीळ व वेष्टनावरील चुकीचा मजकूर

महोदय,

आपल्या दोऱ्याच्या १२ रिळांच्या बॉक्सबद्दल आमच्या गोधडी गटाने फोनवर तक्रार केली होती. तीवर 'दोरा लांब घेऊ नका, मेण लावा' एवढेच उत्तर आले. हे आम्ही करत नाही असे आपल्याला वाटले असावे, म्हणून कामाची पद्धत आधी सांगतो.

दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास घेतो. रीळ खिळ्यावर फिरते ठेवून दोरा काढतो. उभ्या रिळाच्या डोक्यावरून ओढला तर प्रत्येक वेढ्यामागे एक पीळ वाढतो किंवा उलगडतो. रिळावरून आधी सुटलेले टोक नेढ्यात ओवतो आणि कापलेल्या टोकाला गाठ मारतो. दुहेरी दोरा असेल तर दोन टोकांना वेगवेगळी गाठ, कारण एकत्र गाठ मारली की पिळाला बाहेर पडायला वाट राहत नाही. मधमाशीच्या मेणावरून दोरा दोनदा ओढून कागदाच्या घडीत इस्त्री फिरवतो. नुसते वर बसलेले मेण पहिल्या चार टाक्यांतच कापडावर पुसले जाते. (मेणबत्ती वापरा, असा सल्ला फोनवर मिळाला. तिचे मेण भुगा होऊन झडते आणि फिकट लुगड्यावर डाग पडतो तो वेगळाच.)

हातानेही पीळ चढतो, हे मान्य. धावदोऱ्याचे चार-पाच टाके सुईवर भरताना सुई अंगठा आणि तर्जनीमध्ये थोडी थोडी फिरत जाते. त्यासाठी दर दोन-तीन ओळींनी सुई खाली लोंबती सोडायची. ती गरगर फिरून आपोआप थांबते आणि पीळ उतरतो. नेढ्यातला दोरा एकाच जागी घासून विसविशीत होऊ नये म्हणून सुई मधून मधून बोटभर पुढे सरकवायची.

एवढे सगळे करूनही या बॉक्समधला दोरा ऐकत नाही. टाका ओढून हात थांबला की दोऱ्यात एक डोळा उभा राहतो, तो स्वतःभोवती दोन वेढे घेतो आणि पुढच्या ओढीला कापडाच्या तोंडाशी मोहरीएवढी गाठ बसते. लगेच लक्षात आले तर त्या डोळ्यात सुईचे टोक घालून दोन्ही बाजू हळू सैल करता येतात. ओढले गेले की दोरा कापण्यावाचून इलाज नाही. चार-पाच पदरी लुगड्यांच्या गोधडीत दोरा आधीच घासत जातो; तिथे एका ओवणीत तीन-तीन वेळा हे होणे म्हणजे कामच बंद.

दोष हाताचा की दोऱ्याचा, हे सुई न लावताही कळते. रिळावरून एक मीटर दोरा घ्यावा, ताणून धरावा आणि दोन्ही टोके हळूहळू जवळ आणावीत. मधला भाग खाली लोंबतो आणि स्वतःभोवती वळतो. ते वेढे मोजावेत. आपल्याच जुन्या बॉक्समधल्या रिळाला ३ ते ४ वेढे पडतात. नव्या बॉक्समधली तीन रिळे तपासली, तर १६, १९ आणि १७. तोच दोरा वाफेवर धरून, सुकवून पुन्हा मोजला तर ६. यावरून आमचा तर्क असा, की दोऱ्याचे सुटे पदर एका अंगाने आणि एकत्र पदर उलट्या अंगाने वळताना पिळाचा तोल बिघडला आहे किंवा पीळ बसवण्यासाठी द्यायची वाफ कमी पडली आहे. नक्की काय ते कारखान्याने पाहावे.

दुसरी गोष्ट वेष्टनाची. त्यावर 'ग्लेझ केलेला' असेही छापले आहे आणि 'मशीनसाठीही उपयुक्त' असेही. हाताच्या कामासाठी ग्लेझ केलेल्या दोऱ्यावर लेप असतो. तो मशीनच्या टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या चकत्यांत घासून साचतो, म्हणून असा दोरा मशीनला लावत नाहीत. मग दोन्ही विधाने खरी कशी? आमच्या हाताला तरी लेप लागत नाही. उजेडात धरल्यावर दोऱ्यावर लव उभी दिसते, आणि ती लव शेजारच्या दोऱ्यात अडकून गुंता वाढवते. ग्लेझ नसेल तर तसे छापा, आम्ही मेण लावून घेऊ. पण ग्लेझचे पैसे घेऊ नका.

आमच्या मागण्या : न वापरलेली ९ रिळे बदलून द्यावीत, ती दुसऱ्या बॅचची असावीत आणि पाठवण्यापूर्वी वर दिलेली एक मीटरची चाचणी करावी. उघडलेल्या ३ रिळांची रक्कम परत करावी. वेष्टनावरील मजकुराबाबत लेखी खुलासा द्यावा.

१५ दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवू.

आपल्या,
गोधडीकाम करणाऱ्या महिला

सोबत : बिलाची प्रत, बॅच क्रमांकाचा फोटो, जुन्या व नव्या दोऱ्याचे एकेक मीटरचे तुकडे. नवा तुकडा पुठ्ठ्यावर गुंडाळून टोके चिकटवली आहेत. सोडवताना एक टोक हातात धरून ठेवावे.