वेळापत्रकावरच्या पेन्सिलीच्या खुणा

प्रिय ताई,

तू शेवटच्या वर्षाला होतीस, तुमच्या नाटकाचा प्रयोग आठ दिवसांवर आला होता, आणि तरी एका अनोळखी मुलीला तू अख्खी दुपार दिलीस. हे पत्र त्या दुपारबद्दल आहे. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण अभिनय शिकायला कुठे जावं या प्रश्नाशी आणखी कुणी अडलं असेल, तर तुझं सांगणं त्यांच्याही कामी यावं असं मला मनापासून वाटतं.

मी सात विद्यापीठांची यादी घेऊन आले होते. ती लावली होती एकाच हिशोबाने : कुठून किती नावाजलेले नट बाहेर पडले. तू ती बाजूला ठेवलीस आणि विचारलंस, "यातल्या एकाचं तरी पहिल्या वर्षाचं वेळापत्रक बघितलंयस?" बघितलं नव्हतं. मग आपण एकेक उघडून बसलो आणि तू पेन्सिलीने समासात अक्षरं लिहायला लागलीस. आं, वा, आ, सा. आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे आवाजाचा, आहार्य म्हणजे वेशभूषा-नेपथ्यासारख्या बाहेरच्या साधनांचा, सात्त्विक म्हणजे आतल्या भावाचा. भरताच्या नाट्यशास्त्रातले अभिनयाचे हे चार प्रकार मला तोंडपाठ होते, पण ते असे तासांच्या रकान्यांत शोधायचे असतात हे मला त्या दिवशी कळलं. यादीत सगळ्यात वर असलेल्या अभ्यासक्रमात आवाजाचा तास आठवड्यातून एकदा, शरीराच्या कामाचा पहिल्या वर्षी नाहीच, बाकी सगळी व्याख्यानं. पाचव्या नंबरावरच्या ठिकाणी रोज सकाळी दीड तास शरीर आणि आवाज, दुपारी नेपथ्य आणि प्रकाशयोजना. "आहार्यला नाक मुरडू नकोस," तू म्हणालीस. "दिवा कुठून पडतोय हे ज्याला कळत नाही, तो नट ऐन वाक्याला अंधारात उभा असतो."

पहिल्या ठिकाणाला तू नावं ठेवली नाहीस, हे मला फार आवडलं. ज्याला नाटकाचा अभ्यासक किंवा समीक्षक व्हायचंय त्याच्यासाठी तेच योग्य, एवढंच म्हणालीस. राष्ट्रीय नाट्य विद्यालयासारख्या ठिकाणी तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम पदवीनंतर करायचा असतो, त्यामुळे आत्ताच सगळं एका निवडीवर लावू नकोस, हेही तूच सांगितलंस. घरी ही गोष्ट सांगितल्यावर आईबाबांच्या कपाळावरची आठी बरीच उतरली.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल तू जे बोललीस ते मी रात्री वहीत उतरवून ठेवलं. पॅरिसमध्ये जाक लकॉक यांनी १९५६ मध्ये सुरू केलेल्या शाळेत सुरुवात तटस्थ मुखवट्याने होते. चेहरा झाकला की सगळं शरीरानेच बोलायचं. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्कींच्या वाटेने शिकवणारे पात्राला या क्षणी काय हवंय इथून सुरू करतात. कुठलीच वाट खोटी नाही, पण जिथे जाशील तिथले शिक्षक कुठल्या वाटेचे आहेत हे आधी विचार, असं तुझं म्हणणं होतं. मी विचारलं. दोन ठिकाणी नीट उत्तर मिळालं नाही, तेव्हा ती दोन्ही नावं यादीतून गेली.

आणि तो प्रश्न! "माहितीपत्रकाला नको, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार की गेल्या वर्षी प्रेक्षकांसमोर किती वेळा उभे राहिलात." एका विद्यापीठातल्या मुलीने सांगितलं, मोठ्या भूमिका पदव्युत्तरच्या मुलांना जातात, आम्ही दोन वर्षं विंगेतच आहोत. हे छापील कागदावर कुठेच सापडलं नसतं.

निघता निघता तू माझं प्रवेशपरीक्षेचं स्वगत ऐकलंस. मी एका म्हाताऱ्या राजाचं निवडलं होतं. तू मध्ये थांबवलं नाहीस. संपल्यावर म्हणालीस, "प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द तू गिळतेस. श्वास आधीच संपतो. आणि तुझ्या वयाचं माणूस निवड, परीक्षकांना तू दिसायला हवीस." मग जमिनीवर आडवी करून, पोटावर एक जाड संहिता ठेवून तू माझ्याकडून तेच वाक्य अकरा वेळा म्हणून घेतलंस. अकराव्या वेळी शेवटचा शब्द समोरच्या भिंतीपर्यंत पोचला. तो आवाज माझाच आहे हे पटायला मला थोडा वेळ लागला.

मी पाचव्या नंबरावरच्या ठिकाणी प्रवेश घेतला. सकाळचे तास अंगावर येतात, पोटऱ्या दुखतात, आणि मला एक दिवससुद्धा चुकवावासा वाटत नाही. तुझ्या खुणांचं ते वेळापत्रक मी जपून ठेवलंय.

ताई, त्या दुपारचे तुझे मनापासून आभार. पहिल्याच सत्रात मला चार वाक्यांची भूमिका मिळाली आहे, तालमी सुरू झाल्यात. प्रयोगाची तारीख ठरली की कळवते. माझी एंट्री दुसऱ्या प्रवेशात, डाव्या विंगेतून आहे. शेवटच्या रांगेत बस आणि शेवटचे शब्द ऐकू येतात का ते सांग.

तुझी,
त्या दुपारची मुलगी